रेशमी कोंबड्याला जीवदान कोणी दिले

“भावजींचा तो कापसाचा कोंबडा कामाचा नव्हता. अंडी त्यांनी खोक्यात घालून उकडली. वाघबारशीला जायची पाळी त्याचीच होती, पण म्हाताऱ्या माणसाचा जीव जडलेला. मला दया आली, मी माझा कोंबडा दिला.”

ही हकिकत माझ्या वहिनींची आहे. त्या ती लग्नात सांगतात, बारशात सांगतात, आणि आमच्या अंगणात फिरणारा पांढरा कोंबडा पाहून कोणी नवखा थांबला तर त्याला पाणी देण्याआधी सांगतात. जव्हारच्या बाजारात मिरच्या निवडताना ती मला एका अनोळखी बाईने ऐकवली. ऐकवून झाल्यावर, “असा पण एक येडा म्हातारा असतो,” एवढी भर तिने स्वतःच्या पदरची घातली. मी मिरच्या घेतल्या आणि घरी आलो. त्या दिवशी ठरवले की हे प्रकरण लिहूनच काढावे. बोलून उपयोग नाही. बोलण्यात वहिनींना हरवील असा माणूस आमच्या पाड्यात नाही, आणि मोखाड्याकडे, जिथे त्यांचे माहेर आहे, तिथे तर सगळेच त्यांच्यासारखे बोलतात.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ गेला, पुढे माझी पत्नीही गेली. जव्हारहून साखरशेतच्या अंगाला उतरताना लागणाऱ्या आमच्या पाड्यात आता दोन घरे एका अंगणात समोरासमोर उभी आहेत. एकात त्या, एकात मी. माझी नागलीची भाकरी त्यांच्याच चुलीवरून येते. ज्या हातची भाकरी खातो त्या हाताविरुद्ध लिहावे काय, असे मला एका नातलगाने विचारले. भाकरीबद्दल माझी तक्रार नाही. भाकरी उत्तम असते. तक्रार दयेबद्दल आहे. तो कोंबडा आज जिवंत आहे हे खरे, पण तो हक्काने जिवंत आहे. दयेवर जगणे आणि हक्काने जगणे यांत काय अंतर असते, हे म्हाताऱ्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको.

माझी योग्यता आधी सांगतो. मी एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होतो. मोखाड्याहून येणारी गाडी उशिरा आली की ड्रायव्हर सांगे, वाटेत झाड पडले होते म्हणून गाडी शेताच्या कडेने काढली; कंडक्टर सांगे, प्रवाशांनी ठिकठिकाणी थांबवली; आणि प्रवासी सांगत, हे दोघे चहाच्या टपरीवर बसले होते. तिघेही शपथेवर सांगत. मी कोणाचेच ऐकत नसे. मी खाली वाकून चाके पाहत असे. शेताच्या कडेने गेलेल्या गाडीच्या चाकाला चिखल असतोच. टपरीसमोर उभ्या राहिलेल्या गाडीला तो लागत नाही. तोंडे ऐकू नयेत, चाके पाहावीत, एवढेच मी नोकरीत शिकलो आणि ते मला पुरले.

आता कोंबड्याकडे येतो. नाशिकला एका हौशी गृहस्थाच्या गच्चीवर मी ही जात प्रथम पाहिली. तिला सिल्की म्हणतात. पिसे असतात, पण ती पिसांसारखी दिसत नाहीत; अंगावर रेशमाचा पुंजका ठेवावा तशी असतात. डोक्यावर एवढा मोठा झुबका की त्याखालून डोळे शोधावे लागतात. कानाच्या पाळ्या निळसर. बाहेरून दुधासारखा पांढरा आणि आत कातडी काळी, मांस काळे, हाडेसुद्धा काळी. या जातीला उडता येत नाही. मी त्यांच्याकडून एक जोडी आणली. पाळीव प्राणी म्हातारपणी सोबतीला हवा म्हणून आणली, असे लोक सांगतात. तेही चूक आहे. मला ती जोडी सुंदर वाटली म्हणून आणली.

बांबूच्या डालग्यात घालून, वर फडके बांधून मी गाडीत बसलो. कंडक्टर माझ्या हाताखाली तयार झालेला. त्याने फडके वर करून पाहिले.

“साहेब, ससा का?”

“कोंबडा आहे.”

“कोंबड्याला केस?” तो मागे वळून साऱ्या गाडीला उद्देशून म्हणाला, “साहेब सांगतात, कोंबडा आहे. मग कोंबडाच समजा.”

सारी गाडी खदखदून हसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. चेष्टेला उत्तर द्यायचे नसते. ते पुढे आरवून द्यायचे असते, आणि कोंबडा ते देणारच होता.

अंगणात डालगे उघडले तेव्हा वहिनी भात पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्या आल्या.

“भावजी, हा कोंबडा हाय, का कापूस पिंजायचा राहिलाय?”

मी जातीची माहिती सांगू लागलो. त्यांनी माहिती ऐकली नाही. त्यांनी कोंबडा उचलला, पोटाकडची पिसे फुंकून बाजूला केली आणि म्हणाल्या, “आतून कढईच्या बुडासारखा.” मग पाय धरून बोटे मोजली. “आणि हे काय? पाच? कोंबडीला चार बोटं असतात भावजी, पाच माणसाला असतात. हा कोण येऊन बसलाय तुमच्याकडं?”

या जातीला पाच बोटे असतात. पाचवे मागच्या बोटाच्या जरा वर, आकाशाकडे वळलेले. ते तिचे लक्षण आहे, व्यंग नव्हे. मी तसे सांगितले. वहिनींनी कोंबडा खाली ठेवला आणि पाचवे बोट दाखवायला शेजारणीला हाक मारली. वहिनींनी त्या दिवशी ते बोट निम्म्या पाड्याला दाखवले, हे मी मुद्दाम नमूद करून ठेवतो.

वहिनींकडे स्वतःचा एक गावठी कोंबडा होता, तांबडा, भांडखोर, माझ्या मते उद्धट. कोंबड्याही होत्या. त्यांतली एक तपकिरी कोंबडी त्यांची लाडकी. ती या कथेत पुढे येईल. या गर्दीपासून माझ्या जोडीचा वंश शुद्ध राहावा म्हणून मी अंगणाच्या माझ्या बाजूला कारवीचा कूड घालून आवार केले. वहिनी भाकरी घेऊन आल्या, त्यांनी कूड पाहिला आणि विचारले, “आता आम्ही बाटवतो का तुमच्या कापसाला?” मी सांगितले की हा प्रश्न शास्त्राचा आहे. त्या म्हणाल्या, “मग भाकरी शास्त्राकडून मागवा.” तरी भाकरी ठेवून गेल्या.

रेशमी कोंबडी अंडी घालू लागली आणि लगेच खुडूक झाली. या जातीला अंड्यांवर बसण्याचे इतके वेड असते की पालथी वाटी ठेवली तरी तिला ऊब देत बसते. पण मी अंडी तिच्याखाली न ठेवता खोक्यात ठेवली. थर्माकोलचा खोका, आत बल्ब, एका कडेला तापमापक, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी. सकाळ-संध्याकाळ अंडी हाताने फिरवायची, कारण कोंबडीही चोचीने तेच करते. वहिनी दारात उभ्या राहून पाहत.

“आई बसायला तयार, आणि पोरं खोक्यात?”

“यात तापमान मोजता येते.”

“तिला मोजावं लागत नाय.”

आता ‘उकडली’ या शब्दाबद्दल. भर पावसात आमच्या पाड्यातली वीज गेली की कधी येईल हे आकाशालाही माहीत नसते. ती गेली. मी बाटल्यांत गरम पाणी भरले, बाटल्या पंच्यात गुंडाळल्या आणि अंड्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. पंचा जाड होता. तापमापकाकडे मी डोळा लावून होतो आणि पारा एकदाही मर्यादेबाहेर गेला नाही. उकडण्यासाठी पाण्याला उकळावे लागते; ज्या पाण्यात मी नंतर हात धुतले त्या पाण्यात अंडे उकडत नाही. हे मी वहिनींना कितीदा सांगितले असेल! अंड्यांतून पिल्ले निघाली नाहीत एवढे खरे. पण ती उकडून नासली नाहीत. का नासली ते पुढे येते.

दुसऱ्या खेपेची अंडी मी कोंबडीखालीच ठेवली, आणि हे मी कोणाच्या सांगण्यावरून केले नाही. ती अशी निष्ठेने बसली की दाणापाण्यासाठी तिला उचलून बाहेर ठेवावे लागे. तिथेही ती पंख पसरून, बसल्यासारखीच उभी राही. इतके करूनही काही निघाले नाही. शेवटी वहिनींनी एक अंडे अंधाऱ्या खोलीत नेले आणि त्याखाली बॅटरी लावून पाहिले. आत नुसता पिवळा उजेड दिसला. पिल्लू धरले असते तर लाल शिरांचे जाळे दिसले असते.

“नुसतं पाणी हाय,” त्या म्हणाल्या. “बी पडलंच नाय. भावजी, तुमच्या कोंबड्याला दुसरं काय येत असंल तर बघा. हे त्याला येत नाय.”

त्या दिवसापासून कोंबडा पाड्यात निकामी ठरला. कारण मला ठाऊक होते. या जातीला मागच्या बाजूला पिसांचा इतका दाट गुच्छ असतो की नराचा आणि मादीचा संयोग पिसांतच अडकतो. नाशिकच्या गृहस्थांनी मला सांगितले होते की हंगाम आला की दोघांची तिथली पिसे कात्रीने कापून घ्यावीत. मी कापली नाहीत. ज्या रेशमासाठी जोडी आणली, तेच रेशीम मागून कातरून तिला उघडी हिंडवायची, हे मला मान्य नव्हते, आजही नाही. हे मी चूक म्हणून सांगत नाही, कारण म्हणून सांगतो. अडथळा कोंबड्यात नव्हता, पोशाखात होता.

पण निकामी ठरण्याची वेळ वाईट होती. आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. रानात गुरे राखली जावीत म्हणून पाड्याबाहेरच्या वाघदेवाला कोंबडा देतात. दरवर्षी एका घराची पाळी असते, आणि त्या वर्षी आमची होती. भाऊ असतानापासून आमची दोन घरे देवाच्या हिशेबात एकच धरली जातात. तेव्हा कोंबडा एक, आणि उमेदवार दोन. आमच्या घरची जुनी रीत अशी की ज्या कोंबड्याची पिल्ले अंगणात चालत असतील त्याला देत नाहीत. देवानेसुद्धा कर्ता पुरुष मागू नये, असा त्यामागचा विचार असावा. त्या पावसाळ्यात वहिनींची आधीची पिल्ले मुंगसाने नेली होती. माझ्याकडे तर काही झालेच नव्हते. म्हणजे वाघबारशीपर्यंत ज्याची पिल्ले चालतील तो कोंबडा वाचणार, दुसरा जाणार.

भगत कोंबडा पाहायला आला. पाड्याची पूजा तोच करतो. माझ्या वयाचा, माझ्याबरोबर गुरे राखलेला. त्याने माझा कोंबडा उलटासुलटा करून पाहिला.

“बाहेरून पांढरा, आतून काळा,” तो म्हणाला. “देवानं विचारलं कोणत्या रंगाचा आणला, तर मी काय सांगू?”

“सांग, विचारात पडलो,” मी म्हणालो.

“तू लहानपणी पण असाच होतास. गुरं माझ्या अंगावर टाकून फुलं बघत बसायचास.” मग त्याने वहिनींना विचारले, “तुझी बसली का कोणी?”

“तपकिरी बसलीय,” वहिनी म्हणाल्या. “माळ्यावर, टोपलीत. आणि तिची अंडी मी बॅटरी लावून बघितलीत. शिरा हायेत.” शेवटचे दोन शब्द त्यांनी माझ्याकडे पाहून उच्चारले.

बोलण्यासारखे माझ्याकडे होते. ती तपकिरी कोंबडी रोज सकाळी माझा कूड ओलांडून आत येत असे. गावठी कोंबडीला उडता येते. कुडाच्या टोकावर बसायची, इकडेतिकडे बघायची आणि आत उतरायची. मी माझ्या जोडीला तांदळाची कणी टाकत असे, ती खाण्यासाठी येते असे मी समजून होतो. ती कणी खाऊन लगेच जात नसे, हेही मी पाहिले होते. आणि तिच्या अंगावर रेशमाचा पोशाख नव्हता. परंतु दुसऱ्याच्या घरच्या कोंबडीच्या वर्तणुकीविषयी चारचौघांत बोलणे मला शोभले नसते. शिवाय, बोललो असतो तर माझ्या वंशशुद्धीचे काय झाले, हा प्रश्न निघाला असता. तो प्रश्न आजही काढतात. त्याला माझे उत्तर तयार आहे: माझ्या कोंबड्याने मर्यादा ओलांडली नाही. त्याला उडताच येत नाही. मर्यादा ओलांडून जे आले ते पलीकडून आले.

पिल्ले निघाली. वाघबारस अगदी जवळ आली होती. तपकिरी कोंबडी माळ्यावर टोपलीत त्यांना पोटाखाली घेऊन बसलेली. हात पुढे केला की फोडून काढी. वहिनींनी खालूनच, शिडीवर उभ्या राहून, पिल्लांची डोकी पाहिली आणि मला हाक मारली.

“या, बघा. तपकिरी, तांबडी, एक काळं. कापूस एक पण नाय. सगळी माझ्या कोंबड्याची.”

मी शिडी चढलो. वय झाले असले तरी चढलो. पंखाखालून दोन-तीन डोकी बाहेर होती. पिल्ले साधी दिसत होती, गावठीच दिसत होती. एकाच्या माथ्यावर मात्र इवलासा झुबका होता.

“हा झुबका पाहिलात?”

“माझ्या आईकडं तुरेवाल्या कोंबड्या होत्या. तिकडून आला.”

“चोचीजवळची कातडी काळी आहे.”

“पलीकडच्या पाड्यात कडकनाथ फिरतायत. आणि गावठीत काळी निघत नाय का? उतरा आता, पडाल.”

दोन्ही मुद्दे त्यांचे बरोबर होते. मी ते तेव्हाच मान्य केले. मी भांडतो, पण खोटा पुरावा उचलत नाही. झुबका कुठूनही येऊ शकतो, काळी कातडीही. आणि रेशमी पीस पहिल्या मिश्र पिढीत उतरत नाही, हे मला वाचून ठाऊक होते. पण पुस्तकातले वाक्य म्हणजे तोंडच, चाक नव्हे. त्या दिवशी मी शिडीवरून उतरलो तो माझ्या कोंबड्याचा निकाल मनात घेऊनच.

वाघबारशीच्या सकाळी मी त्याला कणी दिली. नेहमीपेक्षा थोडी जास्त दिली. तो खाऊन आरवला. त्याचे आरवणे घोगरे आहे असे सांगतात. घाट चढून आलेल्या गाडीच्या भोंग्यासारखे आहे, आणि तो भोंगा मला आयुष्यभर आवडत आला आहे. मी त्याला डालग्यात घालून आवारातून बाहेर आणून ठेवले. भगताने कोंबड्याला धरून ओढत न्यावे असे मला नको होते. त्याच्या डोळ्यांवर आलेला झुबका मी बाजूला केला, म्हणजे त्याला वाट दिसेल. कोणी म्हणते मी तेव्हा रडलो. त्या सकाळी धुके होते. धुक्यात माझ्या डोळ्यांना पाणी येते.

वहिनींनी सणासाठी पहाटेच अंगण शेणाने सारवले होते. सारवण अजून ओले होते. तेवढ्यात वहिनींनी माळ्यावरून खाली आणून ठेवलेल्या टोपलीतून तपकिरी कोंबडी पिल्लांना घेऊन पहिल्यांदाच बाहेर पडली आणि घरातून थेट त्या ओल्या सारवणात उतरली. पिल्ले तिच्यामागून पळाली. वहिनी ओरडल्या, हुसकावले, पण व्हायचे ते झाले होते. पिल्लांच्या पायांना शेणाचे गोळे चिकटले. हे शेण वाळले तर इवली बोटे आवळून धरते आणि पिल्लू लंगडे होते. म्हणून वहिनी पायरीवर बसल्या, वाटीत कोमट पाणी घेतले, आणि एकेक पिल्लू तळहातावर धरून लुगड्याच्या पदराने त्याचे पाय पुसू लागल्या. तपकिरी कोंबडी भोवती फिरून त्यांना टोचत होती.

भगत आला. हातात दोरी होती.

“चला,” तो म्हणाला. “कोणता?”

“तो,” मी म्हणालो आणि डालग्याकडे बोट केले. आवाज माझा नेहमीचा होता. याला भगत आजही साक्षीदार आहे.

भगत वाकला. त्याच वेळी वहिनींचा हात थांबला. त्यांनी हातातले पिल्लू डोळ्यांजवळ नेले. खाली ठेवले. दुसरे उचलले, त्याचा पाय पुसला, पाहिले. मग तिसरे. वहिनी गप्प बसल्या की पाड्यातली कुत्रीसुद्धा कान टवकारतात.

“भगत,” त्या म्हणाल्या, “तो राहू दे. माझा तांबडा घे.”

“का गं? तुझी पिल्लं चालतायत की.”

“घे बोलले ना! म्हाताऱ्याचा जीव हाय त्या कापसात. जाऊ दे.”

दया जन्मली ती या क्षणी, या वाक्यात. माझ्या डोळ्यांदेखत जन्मली. भगताने खांदे उडवले, तांबडा कोंबडा पकडला, बगलेत मारला आणि वाघदेवाकडे निघाला. जाता जाता मला म्हणाला, “वहिनीचे पाय धर.” वहिनी उठून आत गेल्या. पिल्ले पायरीवरच होती, धुतलेली, ओली, चिवचिवणारी.

वहिनींचा तांबडा माझ्या डोळ्यांसमोर गेला याचे मला वाईट वाटले, तेही लिहून ठेवतो. त्यांना तो प्रिय होता. त्या दिवशी त्यांनी मला भाकरीबरोबर खीर पाठवली आणि स्वतः खाल्ली नाही. खोटे सांगून त्यांनी काय वाचवले, माझा कोंबडा की स्वतःचा शब्द, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पण तो वेगळा विषय आहे. दयेने वाचला की हक्काने, एवढाच प्रश्न इथे आहे; आणि त्यासाठी मी कोणाचेही तोंड पाहिले नाही, भगताचे नाही, वहिनींचे नाही. त्या आत गेल्यावर मी आगारात वाकत असे तसा पायरीशी वाकलो, एक पिल्लू उचलले आणि त्याचा पाय उजेडाकडे केला.

तपकिरी कोंबडीच्या पायाला बोटे चार. तांबड्या कोंबड्याच्या पायाला चार. पिल्लाच्या पायाला पाच.